विचारायला माणूस

खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि पलीकडे साताऱ्यातले माण, खटाव. या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात जाऊन विचारा, घरातलं कोण कुठं आहे. कुणाचा थोरला कोइमतूरला, कुणाचा जावई कोलकात्याला, कुणी बनारसला, कुणी विजयवाड्याला. सगळे गलाईवाले. सोनाराकडची जुनी मोड गाळायची, त्याच्या दुकानातली झाडलोटीची मातीसुद्धा विकत घ्यायची आणि त्यातून शुद्ध सोनं-चांदी काढायची, असा हा धंदा. पाऊस नाही, विहिरीला पाणी नाही, शाळू आला तर आला. म्हणून माणसं मिरजेच्या स्टेशनावरून गाडीत बसली आणि देशभर पांगली. आता टेंभू उपसा योजनेचं पाणी आलंय, द्राक्षं-डाळिंबं दिसतात, पण 'दुकानावर' जायची रीत अजून मोडलेली नाही.

या धंद्यात पोरगं कसं लागतं हे मी लहानपणापासून बघत आले. दहावीची परीक्षा होते, तेव्हा कुणीतरी चुलता नाहीतर दाजी यात्रेला गावी आलेला असतो. "द्या की माझ्याबरोबर," एवढंच तो म्हणतो. पुढचं सगळं त्याच्याकडं. तिकीट तो काढतो. तिकडची भाषा येत नाही, तर पहिले कामापुरते शब्द तो शिकवतो. भट्टी कशी पेटवायची, ॲसिडच्या बरणीला कसा हात लावायचा, सोनाराशी किती बोलायचं आणि कुठं गप्प बसायचं, पगार गावाकडं कसा धाडायचा, सगळं सांगणारं माणूस शेजारच्याच अंथरुणात असतं. काही वर्षांनी पोराला स्वतःचं दुकान टाकायचं झालं तर भांडवल कोण देईल हेही त्या माणसाला ठाऊक असतं. पोराला प्रश्न पडायच्या आधी उत्तर मिळालेलं असतं.

माझा दादा असाच गेला. आमचे वडील, आण्णा, आधीपासून कोइमतूरला होतेच. मी मात्र शिकत राहिले, कारण मुलींना दुकानावर नेत नाहीत आणि माझ्या लग्नाची घाई आईनं होऊ दिली नाही. विट्यात बीएस्सी झाल्यावर मला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एमएस्सीला प्रवेश मिळाला, तेव्हा आण्णांनी मला एसटीत बसवलं, खिडकीतून पिशवी आत दिली आणि म्हणाले, "कुणाला काय विचारायचं ते बघ तिथंच." आमच्या घराण्यात मला याहून जास्त सांगू शकेल असं कुणीही नव्हतं. पैसा दादा पाठवत होता. गुण माझे होते. पण दादाबरोबर दाजी होते तसं माझ्याबरोबर कोण होतं?

पहिल्या पिढीच्या शिक्षणाबद्दल बोलताना लोक गरिबीबद्दल बोलतात, कष्टाबद्दल बोलतात, जिद्दीबद्दल तर फारच बोलतात. ते सगळं खरं आहे. तरी इतकी वर्षं शिकून आणि शिकवून माझी खात्री झाली आहे की आमच्या मुलांची खरी उणीव माहितगार माणसाची आहे. जिद्द आमच्याकडं पोत्यानं आहे. ती कुठल्या दारात नेऊन ओतायची, हे कुणी सांगत नाही.

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला स्पेशलायझेशन निवडायचं असतं. ऑरगॅनिक, इनऑरगॅनिक, फिजिकल, ॲनालिटिकल. माझ्या वर्गात काही मुली अशा होत्या की त्यांचे वडील प्राध्यापक किंवा मामा औषधाच्या कंपनीत. त्यांचा निर्णय घरात जेवताना झालेला होता. कुठल्या शाखेला नोकऱ्या कुठं, कुठल्या सरांकडं पीएचडीला जागा आहे, कोण निवृत्तीला आलंय, हे त्यांना येतानाच माहीत होतं. त्या काही गर्विष्ठ नव्हत्या. आपल्याला हे कुठून कळलं याचा विचार त्यांना कधी करावा लागला नव्हता, इतकंच. मी नोटीस बोर्ड वाचायचे. नोटीस बोर्डावर तारखा असतात. ती तारीख आपल्यासाठी आहे की नाही, हे बोर्ड सांगत नाही.

नेट परीक्षेचं असंच झालं. मेसमध्ये जतकडची एक सीनिअर मुलगी माझ्यासमोर जेवायला बसायची. एकदा ताटावरून वर न बघताच तिनं विचारलं, "डिसेंबरच्या नेटला बसणार न्हाईस?" मी म्हटलं, प्राध्यापक व्हायला ती लागते एवढंच ऐकलंय. मग तिनं भाकरी बाजूला ठेवून समजावलं. विज्ञानाची नेट सीएसआयआर आणि यूजीसी मिळून घेतात. वर्षातून दोनदा असते. नुसती पास झालीस तर शिकवायला पात्र होशील. वरच्या यादीत आलीस तर जेआरएफ मिळेल, म्हणजे पीएचडी करताना दर महिन्याला फेलोशिप. तिलाही हे आधी माहीत नव्हतं, तिला तिच्या सीनिअरनं सांगितलं होतं.

त्या रात्री हॉस्टेलबाहेरच्या कॉइन बॉक्सवरून मी दादाला फोन लावला.

"शिकायचा पगार देत्यात?"

"व्हय."

"कोण?"

"सरकार."

"परत फेडायचा?"

"न्हाई."

पलीकडून भट्टीच्या पंख्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "मग ह्ये आपल्याला आदी कुणी का सांगितलं न्हाई?"

दादा दहावीला माझ्यापेक्षा जास्त मार्कांनी पास झाला होता.

मी साताऱ्याला नोकरीला लागल्यापासून दर 7 नोव्हेंबरला वर्गातल्या मुलांना राजवाड्याजवळच्या प्रतापसिंह हायस्कूलकडं घेऊन जाते. 1900 साली याच तारखेला बाबासाहेबांचं नाव या शाळेत घातलं. रजिस्टरमध्ये ते 'भिवा रामजी' आहे. आता हा दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. भाषणं होतात, बाबासाहेबांच्या अभ्यासाचे तास मोजले जातात. मी मुलांना केळुसकर गुरुजींबद्दल सांगते. कृष्णराव अर्जुन केळुसकर. मुंबईत 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले त्या सत्काराला ते हजर होते. पुढं कॉलेजचा खर्च पेलेना तेव्हा सयाजीराव महाराजांच्या कानावर या मुलाचं नाव घालणारे, त्याला त्यांच्यासमोर उभं करणारे तेच. महिन्याला 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजातलं शिक्षण चालू राहिलं. बडोद्याच्या महाराजांपर्यंत कसं जायचं, हे सुभेदार रामजींच्या घराला कुठून माहीत असणार? त्यांनी पोराला पुस्तकं आणून दिली, पहाटे उठवून अभ्यासाला बसवलं, बापाला जे जे करता येतं ते केलं. पुढचं दार उघडायला मात्र त्या वाटेनं आधी गेलेलं माणूस लागलं. एवढ्या अफाट बुद्धीच्या माणसाला ते लागलं, तर माझ्या वर्गातल्या माणदेशी मुलीला लागणार नाही का?

कर्मवीर अण्णांचं, म्हणजे भाऊराव पाटलांचं, मोठेपण मला याच अंगानं उमगत गेलं. 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली, 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं, 1927 साली गांधीजी तिथं आले आणि त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं, हे आमच्या जिल्ह्यातल्या शाळकरी पोराला पाठ असतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे सांगताना अजूनही शिक्षकांचा आवाज बदलतो. तो बदलायलाच हवा. पण बोर्डिंगनं भाकरीच्या जोडीनं आणखी एक गोष्ट दिली, तिच्याकडं आपलं लक्ष कमी जातं. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, धनगर, सगळ्या घरांतली मुलं एका पंगतीत आणि एका खोलीत. धाकट्या मुलाच्या शेजारी वरच्या वर्गातला मुलगा झोपलेला. फॉर्म कुठला, गुरुजी कोण, पुढच्या शाळेत काय विचारतात, हे अंधारात अंथरुणावर पडून बोललं जायचं. गलाईच्या दुकानात दादाला जे मिळालं तेच. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, मुलं शेतात राबून शिकू लागली आणि ही साखळी कॉलेजपर्यंत पोचली. अण्णांच्या तालमीत वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर होऊन आले आणि पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्यामागून येणाऱ्या पोराला मग विलायतसुद्धा 'आमच्या बोर्डिंगातला एकजण गेला होता ती जागा' वाटली असेल.

पीएचडीला मी पाण्यातून जड धातू वेगळे करण्यावर काम केलं. या विषयापर्यंत मी कशी आले, ते जरा सविस्तर सांगते.

बारावीत असताना विद्युत-रासायनिक श्रेणी शिकवताना सरांनी विचारलं होतं, सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात तांब्याची पट्टी टाकली तर काय होईल? मी हात वर केला. "पाणी निळं होतं आणि चांदी पट्टीला धरते, मग खाली बसते. करड्या मऊ चिखलासारखी असते, धुऊन, वाळवून मुशीत टाकली की चकाकते." सरांनी विचारलं, कुठल्या पुस्तकात वाचलंस? मी दिवाळीच्या सुट्टीत कोइमतूरला बघितलं होतं. आण्णा मोडीचं सोनं तसंच ॲसिडात टाकत नसत. आधी त्यात चांदी मिसळून वितळवत, सोनं एकूण वजनाच्या पाव हिश्शावर येईल इतकी. सोनं जास्त असलं तर ते आतल्या चांदीला झाकून धरतं आणि ॲसिड तिथवर पोचत नाही. ओतलेल्या धातूचे बारीक दाणे करून नायट्रिक ॲसिडात उकळायचे. चांदी आणि तांबं विरघळून जातं, तळाला उरते ती तपकिरी भुकटी. बघणाऱ्याला ती सोनं आहे हे खरंच वाटत नाही. टाकणखार घालून ती मुशीत वितळवली की पिवळा रस होतो. आण्णा चौथी शिकलेले होते. पाव हिश्शाचा हा हिशेब ते पाटीवर खडूनं करत आणि टंच, म्हणजे शुद्धता, काढायला माल दुसऱ्याकडं गेला तर त्यांचा आकडा क्वचितच चुके.

एमएस्सीच्या ॲनालिटिकलच्या पुस्तकात हीच पद्धत मला दोन परिच्छेदांत भेटली. ते पान मी झेरॉक्स करून आण्णांना पाठवलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. दादानं वाचून अर्थ सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "ह्येला आपलं कुणी सांगितलं?" त्या पत्रानंतर मला विषय शोधायला फार हिंडावं लागलं नाही. ॲसिडाचं पाणी शेवटी कुठं जातं, हा प्रश्न मी त्या दुकानाच्या मोरीपाशी उभी असतानाच मला पडलेला होता.

आणि धूर. नायट्रिक ॲसिड धातूवर पडलं की तांबूस-तपकिरी धूर निघतो, नायट्रोजन डायऑक्साइड. आण्णांची दुकानं अशीच होती, एक खिडकी, एक पंखा, तोंडाला ओला पंचा. या वायूचं वाईट हे की जोरात लागला तरी माणूस त्या वेळी नुसता खोकतो, काम उरकतो, जेवतो, झोपतो आणि काही तासांनी फुफ्फुसात पाणी भरायला लागतं. पिढ्यान् पिढ्या ही माणसं त्या धुरात बसली. आण्णांना शेवटची काही वर्षं जिना चढवत नव्हता. डॉक्टरांनी कारण काय लिहायचं ते लिहिलं. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे, मला माहीत आहे त्यांच्या छातीत काय बसलं होतं.

माझ्या प्रबंधाची मौखिक परीक्षा झाली त्याच्या आदल्या वर्षी आण्णा गेले. परीक्षेनंतर मी पहिल्यांदा कोइमतूरला गेले ती दादाच्या दुकानात धुराची सोय करायला. भट्टीवर झाकण घालून पाइपानं धूर ओढायचा आणि कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून काढायचा. फार मोठं यंत्र नाही. दादानं आधी खर्च विचारला, मग दोन दिवस काही बोलला नाही, मग स्वतःच फिटरला घेऊन आला. आता त्या गल्लीतली आपल्याकडची बाकीची दुकानंही तसं करून घेतायत, आणि ती मला फोन करत नाहीत, दादाला विचारतात. मला याचा फार आनंद आहे. माझ्या पदवीचा आमच्या माणसांना झालेला हा पहिला थेट उपयोग आहे, आणि तो आण्णा असताना व्हायला हवा होता.

नोकरीबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण हे दुखणं घरोघरचं आहे. नेट झाली, पीएचडी झाली, आणि भरती बंद. बरीच वर्षं मी तासिका तत्त्वावर शिकवलं. सीएचबी म्हणतात ते. तासावर पैसे, सुट्टीचे नाहीत, पेपर तपासणी वेगळी, आणि बिल निघेपर्यंत पुढचं सत्र उजाडतं. कॅज्युअल लीव्ह वगैरे शब्द आपल्यासाठी नाहीत. एका संस्थेत कायम जागेची मुलाखत चांगली झाली आणि संध्याकाळी मध्यस्थाचा निरोप आला, रक्कम किती जमेल? दादा दुकान गहाण टाकायला निघाला. त्याच्या मते ते भांडवल होतं, दुकान टाकताना लागतं तसं. त्याला समजावणं मला त्या मुलाखतीपेक्षा अवघड गेलं. मी म्हटलं, दादा, तू पंचवीस वर्षं लोकांचं सोनं तोलून दिलंस, गुंजभर इकडंतिकडं केलं नाहीस. मी पहिल्याच दिवशी खोट्या वजनानं कशी उभी राहू? त्यानं परत विषय काढला नाही. मी आणखी काही वर्षं तासावर शिकवलं. पुढं दुसरीकडं, काहीही न देता, जागा मिळाली. अशा जागा असतात, हेही मुलांना सांगायला लागतं, कारण नसतातच असं सगळे सांगतात आणि चांगली मुलं अर्ज करायच्या आधीच हरतात.

कायम झाल्यावर मी प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात शनिवारी दुपारी एक टेबल टाकून बसते. पाटी नाही, उपक्रमाचं नाव नाही. मुलं येतात आणि विचारतात. विचारायला काय हरकत आहे हे कळायलाच त्यांना पहिलं वर्ष जातं. नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत कधी संपते. आयआयटीत एमएस्सी करायला जॅम नावाची परीक्षा असते आणि आपल्या कॉलेजातल्या मुलांनी ती दिली तर चालते का. गाईडला पहिली ईमेल लिहिताना सुरुवात कशी करायची. पैसे मागणारं जर्नल खोटं असतं का. परिषदेला गेल्यावर जेवताना मोठ्या सरांच्या टेबलावर बसलं तर राग येईल का. या शेवटच्या प्रश्नाला मी हमखास सांगते, बसायचंच. माणदेशातल्या एका मुलानं तसं केलं, जेवताना स्वतःच्या प्रयोगातली अडचण सांगितली, आणि त्या सरांनी त्याला उन्हाळ्यात त्यांच्या प्रयोगशाळेत बोलावून घेतलं.

आईबापही येतात. टोपी हातात घेऊन दाराशी उभे राहतात आणि म्हणतात, "मॅडम, आमाला काय कळत न्हाई, तुमीच बघा." मी त्यांना खुर्चीवर बसवते आणि त्यांचा धंदा विचारते. मेंढरं असतील तर मेंढरांचं, गलाई असेल तर गलाईचं. थोड्या वेळानं ते बोलायला लागतात, पोरीला जनावरांच्या औषधांचं किती कळतं ते सांगतात, आणि पोरगी शेजारी बसून पहिल्यांदा ऐकते की घरात जे चालतं त्याचा या इमारतीतल्या विषयांशी संबंध आहे. यासाठी मला कुठलाही गुण मिळत नाही. पदोन्नतीच्या फॉर्ममध्ये शोधनिबंध मोजतात, परिषदा मोजतात, शनिवारच्या टेबलाला रकाना नाही. असायला हवा असं माझं मत आहे आणि मी ते बैठकीत मांडते. आमच्याकडच्या ग्रामीण कॉलेजांत निम्मं शिक्षण या व्हरांड्यातच होतं.

दादाची मुलगी यंदा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सांगलीत. मे महिन्यात गावी भेटली तेव्हा मी तिच्यासाठी सगळं काढून ठेवलं होतं. कुठल्या विद्यापीठात केमिस्ट्रीला कोण चांगलं आहे, हॉस्टेल कुठं सुरक्षित आहे, फेलोशिप कुठल्या. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आत्या, मला केमिस्ट्री न्हाई करायची. स्टॅटिस्टिक्स करायचंय." जॅमचा जुना पेपर तिनं सोडवून बघितला होता. दोन सीनिअर मुलींशी तिचं बोलणं झालं होतं, त्यातली एक हैदराबादला होती. फॉर्म साधारण कधी सुटतो, फी किती, सेंटर कुठलं घ्यायचं, सगळं तिच्या मोबाइलमध्ये होतं. दादा शेजारी खाटेवर बसून ऐकत होता. "हिला कुणी सांगितलं ह्ये?" त्यानं मला विचारलं. मी नव्हतं सांगितलं. मग ती आम्हा दोघांना स्टॅटिस्टिक्स म्हणजे काय ते समजावत बसली, आणि मध्येच तिनं बापाला विचारलं की पन्नास सोनारांच्या मोडीतून सरासरी किती घट येते याची वही आहे का, तिला प्रोजेक्टला पाहिजे. दादा उठला आणि कपाटातल्या जुन्या वह्या काढायला लागला.